ठिबकचे व्हॉल्व्ह डोक्यात नाही, चिंधीवर ठेवा

रावेर-यावलकडच्या केळीच्या वावरात रात्रीच्या लाइटवर ठिबक चालवणाऱ्याला काय काय ध्यानात ठेवावं लागतं, ते मोजा: कोणता व्हॉल्व्ह चालू, कधी उघडला, खत किती वेळ गेलं, फिल्टर कधी धुतला, लाइट किती वाजता जाणार. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडलं, की माणसाच्या मनात एका वेळी साधारण चारच गोष्टी टिकतात. म्हणजे सालदाराला विसरभोळा म्हणण्यात अर्थ नाही.

चालू व्हॉल्व्हच्या मुठीला लाल चिंधी बांधा. पाळी बदलताना पुढचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडा, चिंधी तिकडे न्या, मगच मागचा बंद करा. उलटं केलं तर मोटर चालू आणि सगळे व्हॉल्व्ह बंद. दाब चढून सबमेनचा, म्हणजे व्हॉल्व्हकडे पाणी नेणाऱ्या पाइपचा जोड उखडतो. या दोन मिनिटांत फोन उचलायचा नाही. उचललाच, तर चिंधी कुठे आहे ते बघून तिथून पुन्हा सुरू करा.

वाळूच्या फिल्टरची दाब दाखवणारी दोन्ही घड्याळंही याच वेळी बघा. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर गेला की बॅकफ्लश, म्हणजे उलट्या दिशेनं पाणी सोडून फिल्टर धुवा.

खताचं खरं दुखणं शेवटाला आहे. दोन तासांच्या पाळीत पहिला अर्धा तास साधं पाणी, मग एक तास खत, शेवटचा अर्धा तास पुन्हा साधं पाणी. हा शेवटचा अर्धा तासच राहून जातो, कारण खत गेलं की मन म्हणतं काम झालं. मग खत नळीतच राहतं आणि ड्रिपरच्या तोंडाशी क्षार धरतात. एटीएममधून पैसे हाती आले की कार्ड विसरतं, तशातलाच प्रकार; म्हणून तर बरीच यंत्रं कार्ड आधी परत देतात. व्हेंच्युरी (पाण्याच्या ओढीनं बादलीतलं खत ओढून घेणारी नळी) वापरत असाल तर खताच्या बादलीचं झाकण स्टार्टरच्या पेटीवर ठेवा. नळ्या धुतल्याशिवाय ते उचलायचं नाही. मोटर बंद करायला गेलात की ते हाताला लागतंच.

कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाच्या खताला वेगळ्या रंगाच्या बादल्या ठेवा. एकत्र केली तर साका बसतो.

लाइट मधेच गेली तर आधी खताचा कॉक बंद, मग ऑटोस्विच बंद, मग पाटीवर खडूनं लिहा: ‘व्हॉल्व्ह ३, खत २५ मिनिटं झालं.’ ऑटो तसाच ठेवून घरी गेलात, तर लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू होते आणि पहाटेपर्यंत एकाच पट्ट्यात पाणी मुरत राहतं.