संधिपादांच्या जीवाश्मांत न दिसणारे पाय

आदिम संधिपादांच्या, म्हणजे कीटक, खेकडे, कोळी यांच्या गटातील सांधेदार पायांच्या प्राण्यांच्या, उत्क्रांतीवर संशोधन करण्याचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या कॅम्ब्रियन कालखंडाची किंवा कॅनडातील बर्जेस शेल आणि चीनमधील चेंगजियांग या जीवाश्मस्थळांची ओळख करून देण्याची गरज नाही. मला येथे एकाच टप्प्याविषयी सविस्तर लिहायचे आहे, कारण माझ्या प्रबंधाचे काम त्याच टप्प्यावर अडले होते आणि तो त्रास मी अजून विसरलेलो नाही. तो टप्पा म्हणजे वंशवृक्षासाठी, म्हणजे प्राण्यांची परस्परनाती दाखवणाऱ्या आकृतीसाठी, गुणवैशिष्ट्यांची सारणी भरण्याचा; तिच्यात प्रत्येक प्राण्याची एक ओळ असते.

एखादे वैशिष्ट्य प्राण्यात असल्यास १ आणि नसल्यास ० अशी नोंद करायची असते. खडकावर पाय दिसले नाहीत की ० लिहिण्याचा मोह होतो. येथेच थांबावे. पाय न दिसण्याची कारणे तीन असू शकतात: त्या प्राण्याला पाय नव्हतेच, पाय होते, पण ते जीवाश्म होण्यापूर्वीच कुजून गेले, किंवा पाय अजूनही आहेत, परंतु कवचाखाली झाकलेले आहेत अथवा खडक फुटताना समोरच्या अर्ध्या भागावर राहिले आहेत. यांपैकी केवळ पहिल्या स्थितीत ० लिहिता येते. उरलेल्या दोन्ही स्थितींत प्रश्नचिन्हच, म्हणजे ‘माहीत नाही’ असेच, लिहावे लागते. ट्रायलोबाइट या नामशेष सागरी संधिपादांची कॅल्साइटयुक्त पाठकवचे जगभर विपुल सापडतात, पाय मात्र मोजक्याच जातींत टिकले आहेत. तरीही त्यांना बिनपायाचे कोणी म्हणत नाही, कारण बर्जेस शेलमधील ओलेनॉइडीस या ट्रायलोबाइटाच्या शृंगिका (डोक्यावरच्या स्पर्शिका) आणि द्विशाखी (दोन फाटे असलेले) पाय आपल्याला माहीत आहेत. ज्या प्राण्याचा इतका चांगला टिकलेला नातलग उपलब्ध नाही, त्याच्या बाबतीत मात्र ही सावधगिरी सहज सुटते.

चुकीची शून्ये साचली की प्राणी होता त्यापेक्षा आदिम भासतो आणि वृक्षात बुंध्याकडे, म्हणजे आधी फुटलेल्या फांद्यांकडे, सरकतो. सॅन्सम, गॅबट आणि पर्नेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लँप्रे (जबडा नसलेला मासा) आणि अँफिऑक्सस (पृष्ठवंशींचा माशासारखा दिसणारा छोटा नातलग) यांचे कुजणे टप्प्याटप्प्याने नोंदवले, तेव्हा वर्गीकरणाला सर्वांत उपयुक्त ठरणारी, उत्क्रांतीत उशिरा आलेली वैशिष्ट्येच आधी नाहीशी होत असल्याचे दिसले. ते प्राणी संधिपाद नव्हते, म्हणून तो क्रम जसाच्या तसा आपल्याकडे लागू करू नये. आपल्या प्राण्याच्या शरीरात आधी काय कुजते, हा प्रश्न मात्र प्रत्येक नोंदीपूर्वी विचारावा.

याचा अर्थ ० कधीच लिहू नये, असा नाही. अॅनोमॅलोकॅरिस हा कॅम्ब्रियन समुद्रातील मोठा शिकारी प्राणी आणि त्याचे नातलग यांच्या जीवाश्मांत डोक्यापुढील उपांगे, पोहण्यासाठीच्या बाजूच्या पाळ्या आणि नाजूक कल्लेही टिकलेले आढळतात. इतके सारे टिकूनही चालण्याचे पाय दिसत नसतील, तर त्या अभावाला आधार आहे. एकच दबलेला नमुना असा आधार देऊ शकत नाही.

प्रसिद्ध झालेली सारणी उचलून तिच्यात आपल्या प्राण्याची एक ओळ वाढवणे मला मुळीच मान्य नाही, कारण त्यासोबत दुसऱ्यांची न तपासलेली शून्येही आपली होतात. मार्गदर्शक निवडतानाही शोधनिबंधांची संख्या पाहू नका. नमुन्याचे दोन्ही अर्धे भाग मागवून, तिरप्या प्रकाशात तुमच्यासोबत बसून प्रत्येक नोंदीला आव्हान देणारी व्यक्ती शोधा.

प्रश्नचिन्हांनी भरलेली ओळ पाहून मात्र घाबरू नका. व्हाइटीव्ह्ज यांनी १८९२ मध्ये अॅनोमॅलोकॅरिसचे सुटे उपांग कोळंबीसारख्या प्राण्याचे धड मानले, वॉलकॉट यांनी १९११ मध्ये तशाच प्राण्याचे मुख जेलीफिश म्हणून वर्णिले, आणि संपूर्ण प्राणी व्हिटिंग्टन व ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये मांडला. हॅलुसिजेनिया या काटेरी, कृमीसारख्या कॅम्ब्रियन प्राण्याचे या नावाने वर्णन १९७७ मध्ये झाले, तो उलटा मांडला गेल्याचे १९९१ मध्ये लक्षात आले आणि त्याचे डोके नेमके कोणत्या टोकाला आहे, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. पहिल्या विश्लेषणात तुमच्या वृक्षाच्या काही फांद्या एकाच गाठीत गोळा होतील, म्हणजे त्यांपैकी कोणती आधी फुटली ते ठरणार नाही. ती गाठ प्रबंधात तशीच दाखवा आणि कोणत्या वैशिष्ट्यांची माहिती मिळाली तर ती सुटेल, ते तिच्याखाली नोंदवा.