संगीत आणि वादविवाद: शाळेच्या वर्षात स्वतःला घडवण्याची रीत

शाळेतील संगीताचा वर्ग आणि वादविवाद मंडळ हे दोन उपक्रम विद्यार्थ्यांना बहुधा एकाच कारणासाठी सुचवले जातात, ते म्हणजे चारचौघांत उभे राहण्याची भीती जावी. भीती कमी होते हे खरे, परंतु ती या उपक्रमांची वरवरची प्राप्ती आहे. दोहोंतून खोलवर घडते ती ऐकण्याची क्षमता. शेजाऱ्याच्या सुराकडे लक्ष न देणारा गायक वृंदगानात बेसूर होतो आणि प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकणारा वक्ता घरून पाठ करून आणलेले भाषण म्हणून दाखवतो. ही क्षमता नुसते नाव नोंदवल्याने येत नाही; त्यासाठी वर्षभराचा सराव विचारपूर्वक आखावा लागतो.

नाव नोंदवण्यापूर्वी अपेक्षा तपासून पाहावी. संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारते अशी आश्वासने पालकांना भुरळ घालतात. या समजुतीला बळ मिळाले ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने, ज्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकवल्यावर आकृत्या व अवकाशाच्या आकलनाच्या चाचणीत त्यांची कामगिरी जेमतेम पाव तासापुरती सुधारलेली दिसली. त्या प्रयोगात वाद्य कोणी शिकले नव्हते आणि सहभागी शाळकरी मुलेही नव्हती. तेव्हा गणित सुधारायचे असेल तर गणितच करावे; संगीत शिकायचे ते संगीतासाठी. दोन्ही उपक्रमांची ओढ असली, तरी पहिल्या सत्रात एकच निवडून त्याची घडी बसल्यावर दुसरा हाती घेणे बरे.

त्याच १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रगतीसाठी एकट्याने केलेला सराव सर्वांत महत्त्वाचा असल्याचे त्या वादकांनी सांगितले, मात्र तो विशेष आनंददायक असल्याचे सांगितले नाही. नवशिक्याने हे आधीच जाणून घ्यावे, म्हणजे रियाज कंटाळवाणा वाटला की आपल्याकडे गुणच नाहीत असा निष्कर्ष तो काढणार नाही. रियाजाला बसताना संपूर्ण रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात येणारा भाग पुन्हापुन्हा घासला जातो आणि अडणारा भाग तसाच राहतो. जेथे बोट अडखळते किंवा सूर हलतो ती जागा नेमकी शोधावी, तेवढेच दोन-तीन आवर्तनांचे तुकडे काढावेत, लय निम्म्यावर आणून ते बिनचूक होईपर्यंत वाजवावेत आणि मग मेट्रोनोमच्या (ठरावीक गतीने टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या) किंवा ठेक्याच्या साथीने लय थोडी थोडी वाढवावी. आठवड्यातून एकदा स्वतःचे ध्वनिमुद्रण करून ते दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना कान हाताच्या काळजीत गुंतलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो मोकळा असतो आणि लय कोठे पळाली हे त्याला लगेच कळते.

एकट्याचा रियाज जमू लागला की वृंदगानात किंवा वृंदवादनात अवश्य सामील व्हावे, आणि शक्य असल्यास मुख्य भाग न मागता साथीचा भाग मागून घ्यावा. मुख्य गायकाच्या चुका सर्वांना ऐकू येतात. साथीदाराला मात्र त्या सावरून घ्याव्या लागतात, गायकाने लय ओढली तर क्षणात त्याच्याबरोबर जावे लागते. दीर्घ सूर धरताना वृंदातील गायक ठरवून वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात, म्हणून ऐकणाऱ्याला तो सूर अखंड वाटतो. आपली उणीव दुसऱ्याने भरून काढायची आणि त्याची आपण, हे येथे रोज हातून घडत असते.

वादविवादात सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी सराव म्हणजे न पटणारी बाजू मांडणे. अनुकूल की प्रतिकूल हे नाणेफेकीने ठरू द्यावे. भारतीय शास्त्रपरंपरेत पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, आधी प्रामाणिकपणे मांडून मगच त्याचे खंडन करण्याची शिस्त होती. आणि न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरील प्राचीन ग्रंथाने, तत्त्व जाणण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचे खोडत राहणारी वितंडा असे भेद केले होते. शाळेतील बऱ्याच स्पर्धा, माझ्या मते, जल्पाकडे झुकतात, आणि याला परीक्षकही काही अंशी जबाबदार असतात. म्हणून सरावात एक नियम पाळावा: प्रतिपक्षाचा मुद्दा आपण आपल्या शब्दांत सांगायचा आणि ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे त्याने मान्य केल्यावरच उत्तर द्यायचे. टिपण काढताना कागदाचे उभे रकाने करावेत, प्रत्येक वक्त्याला एक रकाना द्यावा आणि उत्तर मूळ मुद्द्यासमोर लिहावे; रिकामी राहिलेली जागा म्हणजे अनुत्तरित मुद्दा.

आंतरराष्ट्रीय शालेय वादविवादाची रचना सरावासाठी उपयोगी पडते. तीत दोन्ही बाजूंचे तीन-तीन वक्ते असतात, मुख्य भाषण ८ मिनिटांचे व समारोपाचे ४ मिनिटांचे असते, आणि मुख्य भाषणाचे पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्ष मध्येच उभा राहून प्रश्न विचारू देण्याची मागणी करू शकतो. गुणांमध्ये आशय व शैली यांना प्रत्येकी ४० टक्के आणि डावपेचांना २० टक्के महत्त्व असते. नुसत्या आवाजाच्या चढउतारावर विसंबणाऱ्यांनी हे प्रमाण लक्षात घ्यावे. तिसऱ्या वक्त्याची जागा निदान काही वेळा घ्यावी, कारण त्याचे जवळजवळ सर्व भाषण खंडनाचे असते आणि ते घरी लिहून आणता येत नाही.

व्यासपीठावर जाताना छातीत धडधड होणारच. संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी स्वतःला शांत करू पाहण्याऐवजी ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली झाली. शांत होण्याचा आग्रह सोडावा आणि सुरुवातीची दोन वाक्ये किंवा पहिली ओळ तेवढी अगदी पक्की करून ठेवावी.

निकालानंतर परीक्षकांना आपण का हरलो हे न विचारता, कोणता मुद्दा त्यांना समजला नाही हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सांत्वनपर मिळते, दुसऱ्याचे उपयोगी. ते उत्तर त्याच दिवशी वहीत लिहावे आणि पुढच्या सरावाची सुरुवात तेथूनच करावी. परीक्षांच्या काळात उपक्रम पूर्ण बंद न करता रोज पंधरा मिनिटांवर आणावा. सोडायचाच झाला, तर कार्यक्रमाच्या किंवा स्पर्धेच्या पुरेसे आधी सोबत्यांना कळवावे, आपला भाग कोण घेणार हे ठरवावे आणि टिपणे त्याच्या हाती द्यावीत.