कोरियन विद्यार्थ्याला 'कॉन्फिडंट' शब्द शिकवताना

'आय कॉन्फिडंट.' कोरियन माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं, तर तो निष्काळजी आहे असं समजू नका. कोरियनमध्ये विशेषणं क्रियापदांसारखी चालतात. 'आहे' त्यांच्यातच मुरलेलं असतं, त्यामुळे 'ॲम' गळतं. दुसरा घोटाळा 'आय हॅव कॉन्फिडन्स'चा. त्यांच्याकडे 'जाशिन इत्ता', म्हणजे शब्दशः 'आत्मविश्वास आहे', असं म्हणतात. आपणही 'मला आत्मविश्वास आहे' असंच म्हणतो, म्हणून मराठी शिक्षकाला ही अडचण चटकन कळते.

सुरुवात 'आयम' एका दमात म्हणवून घेऊन करा. विद्यार्थ्याला खरोखर जमणाऱ्या पाच गोष्टी निवडा (पोहणं, हिशेब, स्वयंपाक) आणि प्रत्येकीवर 'आयम कॉन्फिडंट अबाउट...' असं वाक्य करायला लावा.

मग उच्चार. इथे घाई नको. कोरियन लिपीत हा शब्द 'खॉन-फि-दॉन-थु' असा चार तुकड्यांचा होतो. इंग्रजीत तीनच आहेत आणि जोर पहिल्यावर. 'फ' म्हणताना कोरियन माणूस दोन्ही ओठ मिटून हवा सोडतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा: ती झटक्याने उडाली तर ओठ मिटले. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सलग सोडली की झटका बसत नाही. 'द' दोन स्वरांच्या मधे आला की आपोआप घोष होतो, म्हणजे कंठ थरथरवून उच्चारला जातो; त्यावर वेळ घालवू नका. खरी कसरत शेवटच्या 'ट'ची. 'न्ट' असं जोडाक्षर कोरियन शब्दाच्या शेवटी येतच नाही, म्हणून 'उ'सारखा स्वर चिकटतो. 'थु म्हणू नको' असं सांगून तो सुटत नाही. 'कॉन्फिडंट अबाउट' जोडून म्हणवा: 'कॉन्फिडन्-टबाउट'. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरावर ढकलायची सवय कोरियनमध्ये असतेच, त्यामुळे तो स्वर आपसूक गळतो. हे बसलं की शब्द एकटा म्हणवा.

अर्थाच्या दोन वाटा वेगळ्या ठेवा. कौशल्याबद्दल 'अबाउट' किंवा 'इन'. 'ह्वाक्शिन', म्हणजे खात्री, असेल तर 'दॅट': 'आयम कॉन्फिडंट दॅट शी विल कम'. 'कॉन्फिडंट टु स्पीक' ही चूक वारंवार होते. 'कॉन्फिडंट स्पीकिंग' किंवा 'कॉन्फिडंट इनफ टु स्पीक' म्हणवा.

'जाशिन ऑप्सॉयो', म्हणजे 'आत्मविश्वास नाही', हे उत्तर बऱ्याचदा नम्रपणे दिलेलं असतं, काम येत असूनही. नोकरीच्या मुलाखतीत त्याचं 'आयम नॉट कॉन्फिडंट' केलं, तर समोरचा ते अक्षरशः घेतो. त्याऐवजी 'आय कॅन डू इट, बट आयम स्टिल लर्निंग' पाठ करून घ्या.