एसटीसी-१०००च्या तापमान-वाचनाची दुरुस्ती

घरी बिअर आंबवणारे अनेकजण जुन्या फ्रिजला एसटीसी-१००० हा स्वस्त तापमान-नियंत्रक जोडतात. मात्र त्याचा सेन्सर एखाद्या अंशाने चुकत असेल, तर यीस्टला प्रत्यक्षात वेगळेच तापमान मिळते आणि चव बिघडते. म्हणून वापरापूर्वी वाचन तपासणे अत्यावश्यक आहे.

थर्मासमध्ये बारीक चुरलेला बर्फ काठोकाठ भरून फटी बुजतील एवढेच थंड पाणी ओतावे, कारण पाणी जास्त झाले की तळाशी ते ०° सेल्सिअसपेक्षा गरम राहते. सेन्सर मध्यभागी, तळाला व भिंतीला न टेकवता धरावा आणि अधूनमधून ढवळत आकडा स्थिर होऊ द्यावा; तो ०° पासून जितका वेगळा, तितका सेन्सरचा फरक. उकळत्या पाण्याचा आधार घेऊ नये. पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, शिवाय आंबवण्याच्या तापमानापासून ते फार दूर आहे.

बर्फातच तपासलेल्या खात्रीच्या थर्मामीटरसोबत सेन्सर १८ ते २० अंशांच्या पाण्यात पुन्हा बुडवावा. दोन्ही ठिकाणी फरक वेगळा आला, तर माझ्या मते कामाच्या तापमानाजवळचाच ग्राह्य धरावा. ‘एस’ बटण तीन सेकंद दाबून एफ४ (वाचन-दुरुस्तीची सेटिंग) गाठावे, पडद्यावर ०.७ जास्त दिसत असल्यास तेथे -०.७ भरून पॉवर बटणाने जतन करावे.

शेवटी सेन्सर आंबवण्याच्या भांड्याला बाहेरून चिकटवून त्यावर फोमचा जाड तुकडा बांधावा, म्हणजे तो फ्रिजमधल्या हवेचे नव्हे, तर द्रवाचे तापमान दाखवेल.