लाळ मोजायच्या सकाळची तयारी

कोथरूडच्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघात तोंडाच्या कोरडेपणाची तपासणी ठेवायची, तर पहिलं काम म्हणजे चहा लांबवणं. तपासणीआधी किमान तासभर खाणं, पिणं, दात घासणं बंद. सुपारी, तंबाखू नको, बडीशेपही नको, कारण काहीही चघळलं की लाळ सुटते आणि आकडा उगाच चांगला येतो. ‘चहा तपासणीनंतर’ अशी पाटी दारावरच लावावी, पुणेकर पाटी वाचतात. मात्र ‘उपाशी या’ असं लिहू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आठपर्यंत नाश्ता उरकावा आणि साडेनऊला यावं. लाळेचं प्रमाण दिवसभरात बदलतं, म्हणून सगळ्यांना सकाळचीच वेळ द्या.

सामान थोडंच: कागदी कप, हातमोजे, मोबाइलवरचा टायमर आणि 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. स्वयंपाकघरातला काटा बहुधा चालत नाही, सोनारांकडे असतो तसला छोटा मिळवा. रिकाम्या कपाचं वजन त्याच कपावर आधीच लिहून ठेवा, नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. तोंडातली लाळ एकदा गिळायला सांगून मगच टायमर लावायचा. मान खाली, पाच मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही, साठेल ती लाळ कपात सोडायची. 1 ग्रॅम म्हणजे साधारण 1 मिलिलिटर. पाच मिनिटांत अर्धा ग्रॅम किंवा त्याहून कमी भरली, तर लाळ खरंच कमी आहे. खरी अडचण गप्प बसण्याची! खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून मांडा.

कपात लाळ सोडायला संकोचणाऱ्यांसाठी निर्जंतुक गॉजची (जखमेवर लावतात त्या जाळीदार कापडाची) घडी ठेवा. दोन मिनिटं चावायची, आधीचं-नंतरचं वजन घ्यायचं. वाढ 2 ग्रॅम किंवा कमी असेल तर लाळ कमी अशी नोंद करा. गिळायला त्रास असणाऱ्यांना ही घडी अजिबात देऊ नका. दंतवैद्य आले असतील तर त्यांचा आरसा गालाला आतून चिकटतो का, तेही पाहतील.

फॉर्मवर मोजकंच विचारा: कोरडी पोळी पाण्याशिवाय उतरते का, रात्री पाण्यासाठी उठावं लागतं का, डोळे चुरचुरतात का, मानेला किंवा डोक्याला कधी रेडिएशन झालंय का. आकडा चांगला येऊनही कोरड जाणवत असेल तर तेही लिहून घ्या, दोन्ही नेहमी जुळतात असं नाही. गोळ्यांची सगळी पाकिटं मात्र आणायलाच सांगा. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीवर ताबा राहण्यासाठीच्या कित्येक गोळ्यांनी तोंड सुकतं. गोळी बदलायची की नाही हे लिहून देणारे डॉक्टर ठरवतील, टेबलावर बसलेल्या स्वयंसेवकांनी त्यावर मत देऊ नये.