‘सिस्टर मिस्सा काहून नाही करत?’ गावच्या धर्मशिक्षकांसाठी

ज्या गावात फादर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू, महिन्यातून एकदाच येतात, तिथे बाकीच्या रविवारची प्रार्थना बहुतेक वेळा सिस्टरच (व्रतस्थ नन) चालवतात. वाचन त्या करतात, गाणी त्या बसवतात, आजाऱ्याच्या घरी कम्युनियन (मिस्सात अर्पण झालेली भाकर) त्याच नेतात. मग शिकवणीत एखादी मुलगी नाहीतर ओसरीवर एखादी आजी विचारतेच, ‘एवढं सगळं करते, तं सिस्टर मिस्सा काहून नाही करत?’ मिस्सा म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा ख्रिस्तयाग, आणि तो फक्त दीक्षा मिळालेले फादरच करतात. ही दीक्षा बाईला का नाही, हा प्रश्न रास्त आहे. तो टाळू नका आणि ‘नियम आहे’ म्हणून गुंडाळूही नका. माहिती बहुतेकांना असते, उत्तर फसतं ते ती चुकीच्या क्रमाने सांगितल्यामुळे.

बैठक बायका असतील तेव्हाच घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या दिवेलागणीला घरी येतात आणि मग चूल पेटते. म्हणून जेवणं उरकल्यावर बसा, पाऊण तास पुरे.

पहिलं काम विटाळाचं. गावात बहुतेकांच्या मनात हेच कारण असतं, कारण आजूबाजूला तेच दिसतं. कोणी बोलत नसेल तर तुम्हीच विषय काढा आणि स्पष्ट सांगा, ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, शिकवणुकीत हे कारण नाही. मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडून २५ ते ३४ ओव्या वाचा. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई येशूच्या वस्त्राला हात लावते. तो बाटल्याचं म्हणत नाही, तिला ‘मुली’ म्हणतो. जुन्या काही धर्मपंडितांच्या लिखाणात बायकांबद्दल वाईट ग्रह दिसतो, हे १९७६ साली रोमहून याच विषयावर निघालेल्या घोषणापत्रातही मान्य केलं आहे. ते लपवू नका, लपवलेलं नंतर बाहेर येतं आणि तुमचं बाकीचं बोलणंही खोटं ठरतं.

आता मुख्य मुद्दा. २२ मे १९९४च्या पत्रात पोप दुसरे जॉन पॉल यांनी सांगितलं की स्त्रियांना गुरुदीक्षा, म्हणजे धर्मगुरूपदाची दीक्षा, देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला मुळातच नाही. ‘द्यायची नाही’ आणि ‘द्यायचा अधिकार नाही’ यांत फार अंतर आहे, आणि पाऊण तासातला अर्धा वेळ याच फरकावर गेला तरी चालेल.

तो समजावायला दोन वस्तू सोबत ठेवा. एक, मिस्सासाठी ठेवलेली पण अजून अर्पण न झालेली ओस्ती, म्हणजे मिस्साची पातळ गोल भाकर. ती फादरांना सांगून साक्रिस्तीतून (चर्चमधल्या पूजासाहित्याच्या खोलीतून) मागून घ्या, पवित्र मंजुषेतली, म्हणजे अर्पण झालेली, मुळीच नाही. दुसरी, घरची ज्वारीची भाकर. गोंदिया-भंडाऱ्याकडे असाल तर तांदळाची. दोन्ही हातात देऊन बघू द्या. मराठी बायबलात आणि मिस्सात शब्द ‘भाकर’ असाच आहे, त्यामुळे अनेकांना वाटतं, आपल्या भाकरीवरही मिस्सा होत असेल. होत नाही. धर्मविधी संहितेच्या ९२४व्या कलमाप्रमाणे ती निव्वळ गव्हाची लागते आणि द्राक्षारस (वाइन) द्राक्षाचाच. ज्वारी हलकी आहे म्हणून असं नाही, गावाचं पोट तिच्यावरच आहे. पण येशूने जे हाती घेतलं ते बदलण्याचा हक्क आपला नाही, असं ख्रिस्तसभा मानते. मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली, कम्युनियनआधीचा मध्यरात्रीपासूनचा उपास एक तासावर आला. हे बदलता आलं, कारण ते ख्रिस्तसभेनेच घालून दिलं होतं.

इथे एक धोका आहे. कोणीतरी म्हणेल, ‘म्हणजे बाई ज्वारी अन् पुरुष गहू?’ हे आधीच सांगून टाका: दाखला अधिकाराच्या मर्यादेपुरता आहे, माणसाच्या मोलाचा नाही.

मग ‘येशूने काय केलं’ हे सांगा. त्याच्यासोबत बायका फिरत होत्या, पुनरुत्थानाचा निरोप आधी मरिया माग्दालेनाला मिळाला, तरी बारा प्रेषित त्याने पुरुषांतूनच निवडले. यहूदाची जागा भरताना प्रेषितांनी मत्तियाला घेतलं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १), मरियामाता तिथेच प्रार्थनेत असताना. ‘तेव्हाचा रिवाजच तसा होता’ अशी हरकत येईल. उत्तर असं की येशूने रिवाज बरेच मोडले, शोमरोनी बाईशी विहिरीवर एकटा बोलला. इथे मात्र त्याने वेगळं केलं नाही आणि प्रेषितांनंतरही ते कधी बदललं नाही. हा आधार पहिला आणि सगळ्यात भक्कम.

फादर वेदीवर ख्रिस्ताच्या जागी उभे असतात, म्हणून ती खूण पुरुषाची, हा मुद्दा खरा आहे, पण तो शेवटी घ्या. १९७६च्या घोषणापत्रातही तो समजून घेण्यासाठी दिला आहे, पुरावा म्हणून नव्हे. तोच पहिल्यांदा मांडला की पोरं लगेच विचारतात, ‘येशू ज्यू होता, मग फादर ज्यू काहून नाही?’ आणि बैठक तिथेच भरकटते.

पौलाचं ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं’ हे करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं वचन कारण म्हणून वापरूच नका. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात. शिवाय तुमच्याच गावात वाचन सिस्टर करतात.

ब्रह्मचर्याची गल्लत हमखास होते. ‘फादर लग्न करत नाहीत ते बदलू शकतं, तर हे का नाही?’ लग्नाचा नियम ही शिस्त आहे, युक्रेनच्या ग्रीक-कॅथलिक परंपरेत विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते. पुरुषांचा मुद्दा शिकवणुकीचा आहे. नागपूर-अमरावतीकडच्या लॅटिन विधीत (रोमच्या परंपरेत) धर्मविधी संहितेचं कलम १०२४ आणि चांदा धर्मप्रांतातल्या सिरो-मलबार विधीला (केरळातल्या पौर्वात्य कॅथलिक परंपरेला) लागू होणाऱ्या पौर्वात्य संहितेत ७५४, दोन्हीकडे मजकूर एकच: बाप्तिस्मा झालेला पुरुषच. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट मंडळीच्या) बाई पास्टरचं उदाहरण निघेल. त्यांची निंदा करू नका. त्यांच्याकडे गुरुदीक्षेची समजच वेगळी आहे, एवढं म्हणून पुढे जा.

डिकनबद्दल (धर्मगुरूच्या खालच्या दीक्षेबद्दल) कोणी विचारलं तर सांगा की आज तीही दीक्षा पुरुषांनाच आहे. फेबे नावाच्या मंडळीच्या सेविकेचा उल्लेख रोमकरांच्या पत्रात आहे आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ आणि २०२० मध्ये यासाठी अभ्यासगट नेमले होते. १९९४चं पत्र धर्मगुरूपदाबद्दल आहे, दोन्ही एकत्र मिसळू नका.

बाई काय करू शकते हे मोघम सांगू नका. वाचक आणि वेदीसेवकाची नेमणूक जानेवारी २०२१पासून स्त्रियांनाही रीतसर मिळते. जीव जात असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, दाईसुद्धा: डोक्यावर पाणी ओतत ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते’ म्हणायचं. हे प्रत्येक बाईकडून पाठ करून घ्या. दवाखाना लांब असलेल्या गावात याचा उपयोग पडतो.

शेवटी रविवारच्या प्रार्थनेतली एक बारीक गोष्ट, जी सिस्टरच काय, पुरुष धर्मशिक्षकही चुकतात. फादर नसताना चालवणारा हा सगळ्यांतलाच एक, असं १९८८ची रोमची मार्गदर्शिका सांगते. म्हणून फादरांच्या खुर्चीवर बसायचं नाही. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणायचं नाही. ख्रिस्तयागाची प्रार्थना तर नाहीच. समारोपाला हात उचलून लोकांवर क्रूस करायचा नाही, स्वतःवर करायचा. आणि ‘प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो’ऐवजी ‘प्रभू आपल्याला आशीर्वाद देवो’. मराठीत हा फरक एका शब्दात होतो, आणि नेमका तोच सवयीने तोंडातून चुकीचा निघतो. कागदावर लिहून वेदीजवळ ठेवा.