फराळाचं पेज दिवाळीनंतर उडवू नका

सदाशिव पेठेत मावशीचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, वेबसाईट मी बघतो. पहिल्या वर्षी भाऊबीज झाली आणि मी शहाणपणा करून फराळाचं पेज डिलीट मारलं, म्हणजे तिथं ४०४ (सर्व्हरचा "पेज सापडलं नाही" हा कोड) यायला लागला. पुढच्या नवरात्रात तेच पेज त्याच लिंकवर परत टाकलं, उघडतंय मस्त, पण गूगलवर काही केल्या दिसेना आणि मावशीचा रोज फोन, "अरे, आपलं नाव का येत नाहीये?"

होतं काय, ४०४ मिळत राहिला की गूगल पेज इंडेक्समधून, म्हणजे त्याच्या शोधाच्या यादीतून, काढतं आणि तिकडे फिरकणंही हळूहळू कमी करतं, मग तुम्ही परत २०० (पेज नीट उघडतंय) केलात तरी त्याला ते पुढच्या फेरीतच कळणार. ४१० (पेज कायमचं गेलं) दिला तरी जवळपास तेच. म्हणून सीझनचं पेज उडवायचंच नाही, लिंकमध्ये वर्षही घालायचं नाही, वर फक्त "ऑर्डर बंद, दसऱ्यापासून सुरू" लिहायचं. चकली-अनारशांचे फोटो, माहिती सगळं खाली राहू द्या हां, कारण नुसती "काही उपलब्ध नाही" एवढीच ओळ ठेवली तर कोड २०० असूनही गूगल त्याला सॉफ्ट ४०४ (उघडतं, पण नसल्यासारखंच पेज) धरू शकतं.

आधीच उडवलं असेल तर पेज परत टाका, मग ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, रिफ्रेश मारा, पहिल्याच ओळीत स्टेटस दिसतो. २०० असेल तर सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साईटवाल्यांसाठीचं टूल) यूआरएल इन्स्पेक्शनला लिंक टाकून रिक्वेस्ट इंडेक्सिंग करा, एकदाच, मी दिवसातून तीनदा दाबायचो, त्यानं काही लवकर होत नाही. साइटमॅपमध्ये (गूगलसाठी ठेवलेली साईटच्या लिंकांची यादी) लिंक आहे ना तेही बघा.

साईट काही तासांसाठी बंद ठेवायची असेल तर ५०३ (सध्या बंद) द्या, सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (परत कधी यायचं ते सांगणारी ओळ), म्हणजे आपली "दुपारी १ ते ४ बंद"ची पाटीच की. पण एक-दोन दिवसांच्या वर ताणू नका, मग पेजेस इंडेक्समधून जायला लागतात.

आणि लिंक खरंच कायमची बदलली तर ३०१ (जुन्या लिंकवरून नव्या लिंकवर कायमचं पाठवणं), तोही निदान वर्षभर ठेवायचा. सगळ्या जुन्या लिंका होमपेजवर ढकलायचा आळस मीही केलाय, गूगल त्यालाही सॉफ्ट ४०४च धरू शकतं, त्यामुळे चिवड्याची जुनी लिंक चिवड्याच्याच नव्या पेजवर न्या.